गजभिये मॅडमचा फाऊल

परीक्षेच्या हॉलमध्ये भिंतीवर घड्याळ नसतानाही टिकटिक ऐकू यायला लागली की आमच्या शाळेतल्या मुली सावध व्हायच्या. कॉप्या मोज्यांत जायच्या, माना खाली जायच्या, आणि शेजारच्या बाकावरची जिवलग मैत्रीण एकदम परकी व्हायची. ती टिकटिक घड्याळाची नव्हती. गजभिये मॅडमच्या छातीतली होती.

खोटं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. धरमपेठेतल्या त्या मुलींच्या शाळेत मी मराठी शिकवायला नवीनच लागले होते. स्टाफरूममध्ये पहिल्याच दिवशी शेजारच्या खुर्चीतून आवाज यायला लागला. मी इकडे बघते, तिकडे बघते. त्या खुर्चीत बसलेली उंच, काळीसावळी, गळ्यात शिट्टी अडकवलेली बाई माझी मजा बघत होती. "काय शोधून राहिली वं? घड्याळ? इथं आहे," असं म्हणून तिनं माझा हात धरला आणि सरळ स्वतःच्या छातीवर ठेवला. ओळख ना पाळख! "लोखंडाची झडप आहे. डॉक्टर म्हणते, मी बंद पडीन पण हे नाही पडणार." आणि मोठ्यानं हसली. मी घाबरून हात मागे घेतला. आमची ओळख झाली ती अशी.

शकुंतला गजभिये, पी.टी.च्या मॅडम. गाव पारशिवनीकडचं. लहानपणी तिथं आलेल्या कसल्याशा तापानं हृदयाची झडप हळूहळू खराब करत आणली होती, पण ते कळलं फार उशिरा. तोवर बाई विद्यापीठाकडून कबड्डी खेळून, नोकरीला लागून, चार पिढ्यांच्या मुलींना पळवून मोकळ्या झाल्या होत्या. मग ऑपरेशन झालं, धातूची झडप बसली आणि डॉक्टरांनी खेळायला बंदी केली. शिकवायला बंदी नव्हती. मॅडमनी दोन्हींतला फरक आपल्या सोयीनं ठरवला.

नम्रपणा नावाची गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती. आपण किती जोरदार खेळायचो हे त्या कुणालाही, कधीही सांगायच्या. भाजीवालीला सांगायच्या, बँकेतल्या कॅशियरला सांगायच्या. मुख्याध्यापक बाईंच्या निरोप समारंभात भाषण करायला उभ्या राहिल्या आणि स्वतःनं एकदा तिघींना ओढून मध्यरेषा कशी गाठली तेच सांगत राहिल्या. मुख्याध्यापक बाई हार गळ्यात घालून ऐकत बसल्या होत्या. आवाज असा की मी वरच्या मजल्यावर दहावीला कविता शिकवत असले तरी खालून "दम धर वं, दम धर!" ऐकू यायचं आणि माझ्या वर्गातल्या मुली उगाच श्वास रोखायच्या. कुणी पडून रडायला लागलं तर एकच वाक्य: "रडायचं असंल तं लाइनीबाहेर!" मला त्यांचा भयंकर वैताग यायचा. आणि शाळेत त्या आल्या नाहीत त्या दिवशी मला करमायचं नाही, हेही खरं.

एक प्रसंग सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. जिल्हा पातळीवरची अंतिम लढत होती. शाळा पहिल्यांदाच तिथवर पोचलेली. शेवटची चढाई आमची, गुण बरोबरीत. आमची मुलगी समोरच्या पोरीला शिवून परत आली आणि सगळी शाळा मैदानात घुसली. मीसुद्धा, साडी खोचून! तेवढ्यात शिट्टी वाजली. पंचाची नाही, मॅडमची. "साहेब, माझ्या पोट्टीचा पाय लाइनीबाहेर पडला होता. मी पाहिला." पंच म्हणाले, "आम्ही नाही पाहिला." मॅडम म्हणाल्या, "तुमचं तोंड तिकडं होतं. मी इथंच उभी होती. आउट म्हणजे आउट." कप गेला. मुली त्यांच्याशी बोलेनात. मी रागानं म्हटलं, "काय गरज होती हो मॅडम? तुम्ही काय हरिश्चंद्र लागून गेलात?" तर म्हणाल्या, "पाय बाहेर होता वं." बस. त्यांच्या लेखी विषय संपला होता.

आता त्या गोळीकडे येते. धातूच्या झडपेवर रक्त साकळतं, गुठळी होते. म्हणून अशा माणसाला रक्त पातळ करायची गोळी घ्यावी लागते, रोज, मरेपर्यंत. आणि ही गोळी म्हणजे मोठी नखरेल बया. कमी पडली तर गुठळी होऊन झडप अडकायची, नाहीतर लकवा मारायचा. जास्त झाली तर रक्त थांबायचंच नाही, नाकातून, हिरड्यांतून, पोटात, कुठूनही. मधल्या चिंचोळ्या पट्टीत राहायचं. त्यासाठी अधूनमधून रक्त तपासायचं आणि डॉक्टर सांगतील तशी मात्रा कमी-जास्त करायची. पालेभाज्यांनीसुद्धा तिचा जोर बदलतो. मॅडमना अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकर म्हणजे जीव की प्राण. डॉक्टरांनी सोडायला सांगितलं नव्हतं, फक्त "रोजचं प्रमाण सारखं ठेवा" म्हटलं होतं. मग काय! एक ठरलेली वाटी. लग्नात जेवायला बसल्या की वाढप्याला थांबवून "यात मेथी किती टाकली?" अशी उलटतपासणी. बिचारा वाढपी पळून जायचा.

गोळी घ्यायची वेळ संध्याकाळची, आणि त्या वेळी मॅडम मैदानावर. सगळी स्ट्रिप कुठं बाळगायची म्हणून त्या कैचीनं एकेक गोळी चौकोनात कापून ठेवायच्या आणि स्टीलच्या छोट्या डबीत टाकायच्या. आता यात कुणाला काही नवल वाटायचं कारण नाही. आपल्याकडे स्ट्रिप कापण्यासाठीच असते. मेडिकलवाला कापून देतो, दवाखान्यातली सिस्टर कापते, सासूबाई कापून सुनेच्या हातात देतात. सगळी स्ट्रिप घेणारं गिऱ्हाईक दिसलं तर मेडिकलवाला मान वर करून बघतो.

मॅडमची गोळी दोन ताकदींत मिळायची, एक मोठी, एक लहान. मोठी म्हणजे लहानीच्या कितीतरी पट. गोळ्या दिसायला सारख्याच पांढऱ्या आणि बारक्या, पण मोठीची स्ट्रिप पिवळी आणि लहानीची गुलाबी. कापली तरी पाठीचा रंग राहायचा. इतकी वर्षं त्या रंगावर निभावलं. मग कंपनीनं दोन्ही स्ट्रिपा चंदेरी केल्या. दोन्हींवर तेच लाल नाव, आणि ताकद छापलेली फक्त एका टोकाला, तीही मुंगीएवढ्या अक्षरांत. नेमकी त्याच सुमारास डॉक्टरांनी मॅडमची मोठी गोळी बंद करून लहान गोळ्या सुरू केल्या, एका वेळी तीन. मॅडमनी नव्या स्ट्रिपा आणल्या, कापल्या, आणि त्याच डबीत टाकल्या. डबीत मोठीचे उरलेले तुकडे होतेच. तेही चंदेरी.

पुढं काय झालं ते कुणालाही समजेल. कधी तीन लहान, कधी दोन लहान एक मोठी, कधी तिन्ही मोठ्या. त्यांच्या दंडांवर निळे-जांभळे डाग दिसायला लागले. मी विचारलं तर म्हणाल्या, "पोट्ट्यांले पकड शिकवून राहिली ना, लागते." दात घासताना रक्त यायला लागलं, तर ब्रशला दोष दिला. आणि एका सकाळी प्रार्थनेच्या वेळी, सगळ्या मुली रांगेत उभ्या असताना, मॅडम ताठ उभ्या होत्या तशाच्या तशा खाली कोसळल्या. पोटात रक्तस्राव चालू होता. बाईंनी तोही दोन दिवस कुणाला सांगितला नव्हता.

ऑटोत मी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. ओठ पांढरेफटक. ऑटोवाल्याला मी ओरडून ओरडून वेडं करत होते आणि मधूनच कान त्यांच्या छातीजवळ नेत होते. टिकटिक चालू होती. आयुष्यात कुठल्या आवाजाला मी इतकी चिकटून बसले नसेन.

दवाखान्यात इंजेक्शनं दिली, रक्तातले घटक चढवले. डॉक्टर म्हणाले, रक्त पाण्यासारखं झालं होतं, थोडक्यात वाचल्या. "गोळ्या कशा घेत होत्या?" मी घरून ती डबी आणून दिली. डॉक्टरांनी तुकडे तळहातावर घेतले, उलटे केले, सुलटे केले, खिडकीशी नेले. मग सरळ म्हणाले, "यातली कुठली कुठली आहे, मलाही सांगता येणार नाही." मॅडमनी पलंगावरून डोळे उघडले आणि क्षीण आवाजात म्हणाल्या, "मंग मले कसं येईन?"

जीव वाचला. पण खरं संकट त्यानंतर आलं. ही बाई कशालाच भीत नव्हती हो! आणि घरी आल्यावर ती त्या एवढ्याशा गोळीला भ्यायला लागली. गोळी बंद करता येत नव्हती, झडप अडकली असती. मी त्यांच्याच गल्लीत राहायची, तर संध्याकाळी मला फोन यायचा. "येतेस का वं जरा?" मी जायची. टेबलावर अख्खी स्ट्रिप ठेवलेली. मी चष्मा लावून ताकद वाचून दाखवायची. त्या म्हणायच्या, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचायची. मग त्या गोळी हातात घ्यायच्या आणि त्यांचा हात थरथरायचा. हे लिहितानासुद्धा त्या कंपनीच्या नावानं माझ्या अंगाचा तिळपापड होतो. एकदा त्या म्हणाल्या, "ज्याच्यावर भरोसा नाही तेच रोज गिळायचं. असं कसं जगायचं वं मंग?" मी पाण्याचा पेला त्यांच्यापुढं सरकवला.

"दुसऱ्या कंपनीची घ्या," लोक म्हणाले. डॉक्टर म्हणाले, सध्या बदलू नका, आत्ता कुठं मात्रा बसते आहे. आणि मॅडमचं स्वतःचंही एक म्हणणं होतं. "मी बदलीन. बाकीच्यायनं काय करायचं? अन् मी काहून बदलू? पाय त्यायचा बाहेर गेला." हे वाक्य ऐकलं आणि मी ओळखलं की बाई दुरुस्त होऊ लागल्या आहेत.

त्यांनी कंपनीला फोन केला. गोड आवाजाच्या मुलीनं तक्रार नोंदवून घेतली. पुन्हा केला, पुन्हा नोंदवून घेतली. तिसऱ्यांदा तीच मुलगी तितक्याच गोड आवाजात "आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे" म्हणाली, तेव्हा मॅडमनी फोन ठेवला आणि म्हणाल्या, "चाल वं, कळमेश्वरले जाऊ." गोळ्यांचा कारखाना तिथल्या औद्योगिक वसाहतीत होता. मी म्हटलं, "मॅडम, ऊन पाहा, तुमची तब्येत पाहा." त्यांनी छत्री माझ्या हातात दिली.

गेटवरचा वॉचमन आत सोडेना. मॅडम समोरच्या कडुनिंबाखाली बसल्या आणि त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक कामगाराला थांबवून दंडावरचे डाग दाखवायला सुरुवात केली. "हे पाहा गा, तुमच्या गोळीनं झालं." शिफ्ट सुटायच्या वेळेला तर गर्दीच जमली. शेवटी आतून एक साहेब आले. बोंद्रे नाव, गुणवत्ता विभागात अधिकारी. तरुण माणूस, अदबीचा. चहा मागवला, ऐकून घेतलं. सगळं ऐकल्यावर म्हणाला, "मॅडम, स्ट्रिप कापायची नसते." मॅडम म्हणाल्या, "माहीत आहे. अन् तुले हे माहीत आहे का, की सारं नागपूर कापते?" त्यानं वहीत काहीतरी टिपून घेतलं. मग "वर कळवतो" म्हणाला. आम्ही परत आलो. वरून काही आलं नाही.

मग ग्राहक आयोग. नव्या कायद्यात माल बनवणाऱ्यालाही जाब विचारता येतो, हे मॅडमना कुठून कळलं ठाऊक नाही, पण कळलं. वकील करायलाही तयार नाहीत. "माझी चढाई मीच करीन." कंपनीनं मधल्या काळात निरोप पाठवला, की भरपाई देतो, फक्त आमची चूक नव्हती एवढं लिहून द्या. मॅडमनी तो माणूस जिन्यावरूनच परत पाठवला. मी म्हटलं, एवढं तरी घ्यायचं. तर म्हणाल्या, "मले स्ट्रिप बदलून पायजे. पैसे गिळून झोप येते का?"

सुनावणीला मी त्यांच्यासोबत होतेच. जाताना ऑटोत मी त्यांना पढवत होते. "मॅडम, कापण्याचं मोघम बोला. मेडिकलातून कापूनच येतात म्हणा. ते खोटंही नाही." त्या बाहेर रस्त्याकडे बघत होत्या. ऐकलं की नाही कळलं नाही.

कंपनीचा वकील मोठा झकपक. त्यानं एक अख्खी स्ट्रिप उंच धरली आणि म्हणाला, "नाव छापलंय, ताकद छापलीय, नियमाप्रमाणे छापलीय. बाईंनी ती स्वतः कापली, स्वतः मिसळली. कात्री लागली तिथं आमची जबाबदारी संपते." मला धडकीच भरली, कारण बोलणं वरवर बिनतोड होतं. आयोगाच्या अध्यक्ष बाई होत्या. त्यांनी मॅडमना विचारलं, "तुम्ही स्वतः कापली होती?"

मी खालून त्यांचा पदर ओढला. उपयोग शून्य.

"हो मॅडम," गजभिये मॅडम उभ्या राहून म्हणाल्या. मैदानावरचाच आवाज. "मीच कापली. माझ्या हातानं, शाळेच्या कैचीनं. अन् दोन्ही जातीचे तुकडे एका डबीत टाकले. जुने फेकाले पाहिजे होते, नाही फेकले. दुखलं-खुपलं तं सांगाले पाहिजे होतं, नाही सांगतलं. हा माझा फाऊल आहे. पहिले हे लिहून घ्या."

कंपनीचा वकील हसला. मी कपाळावर हात मारला. संपलं, म्हटलं. पुन्हा कप गेला!

"लिहिलं?" मॅडमनी विचारलं. अध्यक्ष बाईंनी मान हलवली. "मंग आता त्यायचा फाऊल लिहा." आणि त्या वकिलाकडे नाही, त्याच्या मागे फाईल सांभाळत बसलेल्या बोंद्रेकडे वळल्या. "बोंद्रे साहेब, माझं मी सांगतलं. आता तुमचं तुम्ही सांगा. लोक कापतात हे तुमच्या कंपनीले माहीत होतं का नव्हतं? अन् पहिले दोन रंग होते, ते एक काहून केले?"

वकील ताडकन उठला. असं विचारता येणार नाही, हे नियमात बसत नाही, वगैरे वगैरे. अध्यक्ष बाईंनी त्याला हातानं बसवलं आणि म्हणाल्या, "नसेल बसत, तर तोच प्रश्न मी विचारते. उत्तर द्या."

बोंद्रे उभा राहिला. त्यानं वकिलाकडे पाहिलं. वकिलानं डोळ्यांनी काय ते सांगितलं. मग त्यानं मॅडमकडे पाहिलं. त्या कमरेवर हात ठेवून, पाय रोवून उभ्या होत्या, आणि चेहऱ्यावर राग नव्हता. शेवटच्या चढाईला निघालेल्या आपल्या मुलीकडे त्या जशा बघायच्या तशाच त्या पोराकडे बघत होत्या. दम धर, असं.

"माहीत होतं," बोंद्रे म्हणाला. "आमच्या घरी आईच्या गोळ्या कापूनच येतात." वकील काहीतरी पुटपुटला. बोंद्रे थांबला नाही. "रंग बदलल्यावर मेडिकलवाल्यांच्या तक्रारी आल्या होत्या. घोटाळा होतोय म्हणून. मी वर कळवलं होतं. वरून सांगितलं, आपल्या सगळ्या स्ट्रिपा एका घराण्यातल्या दिसल्या पाहिजेत."

अध्यक्ष बाईंनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "आणि प्रत्येक गोळीमागे ताकद छापता येते की नाही?"

"येते. यंत्र तेच आहे. साचा बदलावा लागतो."

"एवढंच?" मॅडम म्हणाल्या. पहिल्यांदा त्यांचा आवाज फाटला. "बापा, एवढंच होतं? एवढ्यासाठी मी मरून राहिली होती?"

मला रडू आलं. भर आयोगात. शेजारच्या खटल्यातल्या एका अनोळखी बाईनं मला रुमाल दिला.

निकाल यायला वेळ लागला, पण आला तो असा आला! कंपनीनं धोका माहीत असून रंग एक केले, ही कंपनीची कसूर. दोन्ही ताकदींचे रंग पुन्हा वेगळे करायचे, प्रत्येक गोळीच्या पाठीवर नाव आणि ताकद छापायची, बाजारातला जुना माल परत घ्यायचा आणि मॅडमना भरपाई द्यायची. शेवटी एक परिच्छेद होता, की तक्रारदारानंही निष्काळजीपणा केला, सबब भरपाईतून तेवढा भाग वजा. मी चिडले. "पाहा! म्हणून सांगत होते, मोघम बोला." आणि मॅडम? मॅडमना निकालातला तोच परिच्छेद सगळ्यात जास्त आवडला! शाळेत प्रत्येकीला बोट ठेवून दाखवायच्या. "हे पाहा, माझाही फाऊल लिहिला. याले म्हणतात रेफ्री." निकालाच्या दिवशी आयोगाच्या व्हरांड्यात त्यांनी दोन्ही हात वर करून "जिंकलो वं!" अशी आरोळी ठोकली, तेव्हा शिपाई धावत आला. त्यालाही त्यांनी सगळी हकिगत पहिल्यापासून सांगितली.

बोंद्रे जिन्याशी उभा होता. मी त्याला म्हटलं, नोकरीचं काय होईल हो तुमच्या? तो म्हणाला, "बघू. मॅडमनी स्वतःचं इतकं सरळ सांगितल्यावर मला खोटं बोलवेना." मॅडमनी त्याच्या पाठीत असा धपाटा घातला की फाईल पडली. "काढलं तं माझ्याकडं ये गा. पोट्ट्यांले चढाई शिकव. दम आहे तुझ्यात." त्याला काढलं नाही. उलट कंपनीनं अपिलाच्या भानगडीत न पडता नव्या साच्याचं काम त्याच्याच गळ्यात टाकलं. बहुधा शिक्षा म्हणून दिलं असावं, पण त्यानं ते मन लावून केलं.

नव्या स्ट्रिपा आल्या त्या संध्याकाळी मॅडमनी मला बोलावलं. मी सवयीनं चष्मा घेऊन गेले. त्या म्हणाल्या, "चष्मा ठेव. नुसती बस." गुलाबी स्ट्रिप. कैची घेतली, एक चौकोन कापला, उलटा केला, ताकद स्वतः मोठ्यानं वाचली, आणि पाण्याच्या घोटाबरोबर गोळी गिळून टाकली. हात जरासुद्धा हलला नाही. मग म्हणाल्या, "आता घरी जा, माझी रोटी व्हायची आहे." मी उड्या मारतच घरी आले असेन, या वयात!

निवृत्तीनंतर त्या पारशिवनीला गेल्या. तिथल्या मुलींची टीम बांधली आहे असं ऐकते. फोनवर त्या दुसरं काही बोलतच नाहीत. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते गावी जायच्या आदल्या दिवशी, आमच्या धरमपेठेतल्या मेडिकलात. गोळ्यांचा साठा घ्यायला आल्या होत्या. त्यांच्या पुढं एक म्हातारे आजोबा उभे होते, धोतर-टोपीवाले. त्यांचीही तीच गोळी, पिवळी. मेडिकलवाल्यानं कैची चालवली आणि चार चौकोन कागदाच्या पुडीत टाकले. मॅडमना राहवतंय होय! त्यांनी सरळ आजोबांच्या पुडीत हात घातला, एक चौकोन काढला आणि त्यांच्या डोळ्यांपुढं धरला. "वाचा जी. दिसते का?" आजोबांनी डोळे बारीक केले आणि ताकद बरोबर वाचली. "हे माझ्यामुळं छापलं! कंपनीले झुकवलं मी," मॅडम छाती फुगवून म्हणाल्या.

आजोबांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. जराही भारावले नाहीत. म्हणाले, "तुम्ही करवलं का हे बाई? मंग एक काम करा. ही मागची पन्नी लई कडक आहे. गोळी निघता निघत नाही, नख तुटते माझं. तेही सांगा ना कंपनीले."

मी हसू दाबत मॅडमकडे पाहिलं. त्या हसत नव्हत्या. त्यांनी चौकोन हातात घेतला, अंगठ्याचं नख लावून बघितलं, दाबून बघितलं, पुन्हा बघितलं. गोळी खरंच निघत नव्हती. "बरोबर आहे तुमचं," त्या गंभीरपणे म्हणाल्या, आणि पर्समधून मोबाइल काढून काउंटरवर टेकून उभ्या राहिल्या. रिंग गेली. "हॅलो, बोंद्रे साहेब? मी गजभिये बोलून राहिली. बसले आहात ना? नाही, नाही, बसा पहिले."